दिवा गेला तरी चित्र असतं

कायमचं बिघडलेलं यंत्र परवडतं. ते निदान बिघडलंय हे कबूल तरी करतं. डोकं खातं ते अधूनमधून बिघडणारं. गिऱ्हाइकाच्या घरी रोज बंद पडेल, आणि माझ्या टेबलावर आलं की शहाण्या मुलासारखं चालायला लागेल. गिऱ्हाईक ओशाळतं, मी वैतागते, आणि शेजारचा कासिम, जो मोबाइलची कव्हरं विकतो, तो फळीच्या पलीकडून म्हणतो, ''बुरुल, तुझं तोंड बघूनच घाबरलं बघ ते.''

आमच्या या डोंगरी नारीनच्या बाजारात, मटणवाल्यांच्या रांगेमागे माझं दुकान आहे. दुकान म्हणजे लोखंडी कंटेनर, मधे फळी घालून अर्धा कासिमचा. हिवाळ्यात त्याच्या भिंतींना आतून बर्फ धरतो, म्हणून मी पायाशी विजेची शेगडी आणि अंगात दोन स्वेटर घालून बसते. राजधानीत, बिश्केकला, इलेक्ट्रॉनिक्स शिकले, तिथे काही वर्षं नोकरी केली आणि परत आले. भुताखेतांच्या गोष्टी आमच्याकडे खूप सांगतात. मला त्यात कधी रस नव्हता. यंत्राला कारण असतं, एवढ्यावर माझं पोट चालतं.

जिपार पहिल्यांदा आली ती फेब्रुवारीत. तिशीच्या आतली, बारीक, गालांची कातडी थंडीनं फुटलेली. शालीत गुंडाळलेला लॅपटॉप तिनं टेबलावर असा ठेवला, जसं काही झोपलेलं मूल ठेवतेय.

''एजे,'' ती म्हणाली, आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ''याची स्क्रीन जाते. मधेच काळी होते. बाकी सगळं चालू असतं, आवाजसुद्धा येतो. आणि मग आपोआप परत येते.''

''कधी जाते?''

''असंच.''

''असंच काही जात नसतं, बाई. झाकण हलवल्यावर? तापल्यावर?''

तिनं जरा विचार केला. ''रविवारी,'' ती म्हणाली.

पलीकडून कासिम हसला. ''सुट्टी घेत असेल! तुझ्यापेक्षा शहाणी आहे, बुरुल.''

जिपार हसली नाही.

मी झाकण मागंपुढं केलं, कोपरे दाबून पाहिले. स्क्रीन एकदा लुकलुकली. मला तेवढं पुरे होतं. असल्या तक्रारीत दहातल्या आठ वेळा दोष बिजागरीतल्या केबलचा असतो. झाकण उघडून मिटून तिचे धागे तुटत जातात. उघडून पाहिलं तर केबल खरंच खरचटलेली होती. मी ती बदलली, यंत्र दिवसभर चालू ठेवलं, हलवलं, आपटलं, कंटेनरच्या दाराशी थंडीत ठेवलं, शेगडीजवळ तापवलं. काही झालं नाही. जिपार घेऊन गेली.

पुढच्या सोमवारी ती परत आली. ''गेली, एजे.''

मग मी पूर्ण पॅनेल बदललं. माझ्याकडे त्याच मापाचं एक चांगलं होतं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा आत न शिरता दारातच उभी राहिली. ''तुम्ही रागवाल म्हणून येत नव्हते. पण काल परत गेली.''

मला राग आलाच होता, पण तिच्यावर नाही. केबल नवी, पॅनेल वेगळं, दुकानात सगळं ठीक, आणि घरी गेलं की अंधार. म्हणजे दोष यंत्रात नसून घरात असणार. विजेचा दाब कमीजास्त होत असेल, चुलीची धग लागत असेल, काहीही.

''रविवारी मी तुझ्याकडे येते,'' मी म्हटलं.

ती चटकन म्हणाली, ''घरी सासूबाई असतात.''

''मग काय झालं? मी काय त्यांना उघडून बघणार आहे?''

यावरही ती हसली नाही.

घर नदीपलीकडे होतं, तांबड्या कड्याच्या पायथ्याशी. दोन खोल्या, मध्ये कोळशाची चूल, जमिनीवर लोकरीचे नमदे, आणि बाहेरच्या दाराला आतून जाड नमद्याचा पडदा, वारा अडवायला. जिपारची सासू, उमसुनाय आपा, चुलीजवळच्या गादीवर बसल्या होत्या. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली होती. आंधळी माणसं ठेवतात तशी हनुवटी जरा वर उचललेली.

''कोणाची ग तू?'' त्यांनी विचारलं. मी वडिलांचं नाव, गाव सांगितलं. त्यांनी माझे हात हातात घेऊन चोळले. ''गार पडलीस, पोरी. चहा घे. तू यंत्र नीट करतेस म्हणे. बरं झालं. माझ्या एर्मेकचा फोन मधेच तुटतो बघ. परमुलखात कामाला गेलाय, ते याकुत्स्क काय जवळ आहे?''

मी जिपारकडे पाहिलं. ती चहात दूध ओतत होती. थोडं दूध वाटीबाहेर गेलं.

जिपारचा नवरा एर्मेक, त्याचं काय झालं ते सगळ्या नारीनला माहीत होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी तोरुगार्त खिंडीच्या रस्त्यावर त्याचा ट्रक सापडला होता. दिवे लागलेले, दार उघडं, आत बर्फ भरलेला. एर्मेक नव्हता. दोन आठवडे माणसं काठ्या खुपसत फिरली, मग आणखी बर्फ पडला. उन्हाळ्यातही शोधलं, पण ट्रकच्या आसपासच.

मी ''जरा मीटर बघू दे'' म्हणून उठले. जिपार माझ्यामागून बाहेर, कोळशाच्या खोपटात आली.

''त्यांना माहीत नाही?'' मी विचारलं.

''त्या तेव्हा गावी होत्या. नंतर इकडे आणलं. सगळे म्हणाले, आधी सापडू दे, मग सांगू. मढंच नाही, एजे. कशावर रडा म्हणून सांगू?'' ती कुजबुजत होती. ''आधी मी म्हणायचे, तो कामावर आहे, उद्या बोलेल. मग त्या जेवेनाशा झाल्या.''

''मग फोनवर कोण बोलतं?''

''तोच.''

एर्मेकला टाइप करायचा कंटाळा होता. ट्रक चालवता चालवता तो आवाज रेकॉर्ड करून जिपारला पाठवायचा, आईसाठीचे निरोपही तिच्याकडेच. आई जेवली का, चुलीचा धूर येतो का, मी खिंड उतरलो, काळजी करू नको. असले निरोप शेकड्यांनी साठले होते. जिपारनं ते लॅपटॉपवर घेतले, कापले, छोटे छोटे तुकडे केले. 'हो, आई.' 'जेवलो.' 'इकडं फार थंडी आहे.' 'तू कशी आहेस?' रविवारी दुपारी ती सासूसमोर बसायची आणि सासूच्या प्रश्नाला जुळेल तो तुकडा दाबायची. हसण्याचे दोन तुकडे होते, खोकल्याचा एक.

''म्हणून स्क्रीन पाहिजे,'' ती म्हणाली. ''अंधार झाला की कुठला तुकडा कुठं आहे ते दिसत नाही.''

तो खोटेपणा होता, आणि त्या म्हातारीला जगवत होता. मी माझ्या कामाचं तेवढं बोलले. ''चल, लाव. मला बघू दे.''

तिनं लॅपटॉप नमद्यावरच्या बुटक्या मेजावर ठेवला. तेव्हा मला तिच्या डाव्या मनगटातलं कडं दिसलं. रक्तदाबाला बरं म्हणून बाजारात विकतात ते, आत लोहचुंबक असलेलं. मी जवळजवळ ओरडलेच. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकावरूनच कळतं. त्या जागी चुंबक आला की यंत्राला वाटतं, मिटलं आपल्याला, आणि स्क्रीन बंद होते. मी कडं काढून त्या जागेवर धरलं. स्क्रीन काळी. दूर नेलं, स्क्रीन परत.

''हे घे तुझं भूत,'' मी म्हणाले. जिपारच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. मी ते कडं माझ्या कोटाच्या खिशात टाकलं, कोट बाहेरच्या खोलीत टांगून आले आणि समाधानानं चहाची वाटी उचलली.

''लाव ग फोन,'' आपा म्हणाल्या.

जिपारनं लावला. खोलीत एका पुरुषाचा मोकळा आवाज आला, ''आई, कशी आहेस?'' मागं इंजिनाची घरघर. आपांचा चेहरा उजळला. त्या विचारत होत्या, जिपार दाबत होती. काही उत्तरं नीट बसायची, काही जराशी तिरपी. तिरपं उत्तर आलं की आपा क्षणभर थांबत आणि पुढचं विचारत.

मग त्यांनी मान वळवली. लॅपटॉपकडून दाराकडे.

''आलास?'' त्या म्हणाल्या. ''दार लाव ना रे, थंडी आत येते.''

दार लावलेलंच होतं. नमद्याचा पडदा सरळ लोंबत होता.

आणि स्क्रीन काळी झाली.

जिपारनं दोन्ही हात कळांवरून उचलून मांडीवर घेतले. मला दिसावं म्हणून ते तिथे धरून ठेवले. यंत्रातून काही आवाज येत नव्हता. पण आपा बोलत राहिल्या. त्या विचारायच्या, थांबायच्या, मान हलवायच्या, मधेच हसायच्या. त्यांच्या थांबण्यात एक माप होतं. उत्तर ऐकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच.

''पाय अजून दुखतात?'' थोडं थांबून, ''असा कसा बूट काढलास, वेड्या?''

मी स्क्रीनकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. बऱ्याच वेळानं ती आपोआप उजळली. तुकड्यांची यादी होती तशी समोर.

''आज पोटभर बोलला,'' आपा म्हणाल्या आणि उशीला टेकल्या.

निघताना मी जिपारला दारात गाठलं. ''हे तू मला आधी का नाही सांगितलंस?''

''काय सांगू? सासू दाराकडे तोंड करते म्हणून स्क्रीन जाते, असं? तुम्ही मला दुकानातून हाकललं असतं.''

खरं होतं. मी हाकललंच असतं.

तो आठवडा मी दुसरं कुठलं काम धड केलं नाही. कारणं मोजत होते. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला असेल, आणि अंधार हा निव्वळ योगायोग. किंवा तीच काहीतरी करते, जमिनीची फळी दाबते, तार हलते. कासिम म्हणाला, ''अग, नवा लॅपटॉप घ्यायला सांग तिला.'' तो चुकीचं बोलत नव्हता. पण मला कारण हवं होतं.

स्क्रीन काळी झाली की आम्ही दोन गोष्टी बघतो. एक, दुसरा मॉनिटर जोडायचा. त्यावर चित्र असलं तर यंत्र शाबूत आहे, दोष पडद्याचा. दुसरी, टॉर्च. चित्र पडद्यावर असतं, पण ते दिसतं मागच्या दिव्यामुळे. तो मागचा दिवा गेला तर पडदा काळा दिसतो, तरी चित्र तिथेच असतं, फिकट. टॉर्च तिरपी धरली की ते दिसतं. मागचाच दिवा जातोय हे एकदा सिद्ध झालं की मी तेवढाच भाग दुरुस्त करून मोकळी होणार होते.

रविवारी मी एक लहान मॉनिटर पाठीवर बांधून नेला. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली, कारण मी माझ्या बाजूनं काही कच्चं ठेवणार नव्हते. चुंबकाचं कडं दुकानातच ठेवलं होतं. मॉनिटर जोडला. लॅपटॉपच्या पडद्यावर जे, तेच त्याच्यावर. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, बर्फावरून परतून ते छतावर हलत होतं. टॉर्चसाठी मी खिडकीवर पांघरूण टांगलं.

''काय ग, अंधार केलास?'' आपांनी विचारलं.

''तुम्हाला कसं कळलं, आपा?''

''तुम्ही दोघी हळू बोलायला लागलात ना.''

जिपारनं सुरू केलं. ''आई, कशी आहेस?'' आपांनी एक-दोन प्रश्न विचारले, पण त्यांचं मन नव्हतं. त्या वाट बघत होत्या. मलाही ते जाणवत होतं.

''ये,'' त्या म्हणाल्या. ''दार लाव.''

लॅपटॉपची स्क्रीन गेली. शेजारच्या मॉनिटरवर तुकड्यांची यादी तशीच होती. आवाजाची रेघ सपाट. यंत्र काही वाजवत नव्हतं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सगळं ठीक होतं, फक्त दिवा गेला होता.

मी टॉर्च लावली आणि पडद्यावर तिरपी धरली.

फिकट चित्र होतं. पण यादी नव्हती.

आधी मला काही आकार लागेना. करडं, त्यात गडद ठिपके. मग डोळे सरावले. चूल होती. चुलीजवळ तोंड वर केलेली म्हातारी होती. आणि अलीकडे, पाठमोऱ्या, दोन बायका मेजावर वाकलेल्या. एकीच्या हातात उजेड होता.

मी टॉर्चचा हात जरा वर उचलला. चित्रातल्या बाईनं हात वर उचलला.

मी मागं वळून पाहिलं. दार. पडदा. नमद्याखाली आमचे बूट. दुसरं काही नाही. तिथं कोणी उभं असतं, तर त्याला नेमकं हेच दिसलं असतं.

''एजे,'' जिपार म्हणाली.

आपा बोलत होत्या. ''कुठल्या पुलापासून? दुसऱ्या? … मग खाली. हो. हो रे, कळलं. मोठा दगड, गुडघे टेकलेल्या उंटासारखा. … त्याच्या पलीकडे की अलीकडे?'' त्यांनी आमच्याकडे न वळताच हात केला. ''जिपार, लक्षात ठेव ग. तोरुगार्तकडून दुसरा पूल, ओढ्यानं खाली, उंटासारखा दगड, त्याच्या सावलीच्या बाजूला. तिथला बर्फ यंदा जूनमध्ये जाईल म्हणतोय. आत्ता जाऊ नका, उगाच कोणाला लागेल.''

जिपारनं तोंडावर हात दाबला. आपा शांत होत्या. ज्या बाईला मुलगा याकुत्स्कला आहे असं सांगितलं होतं, ती बाई हे बोलत होती.

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. बघायला नको होतं, पण दुरुस्तीचं काम करणाऱ्याला नजर काढता येत नाही.

चित्रात आता चौथं माणूस होतं. आपांच्या शेजारी गादीवर, पाठ आमच्याकडे. रुंद खांदे, अंगात फक्त स्वेटर, डोक्यावर काही नाही, कान जरा बाहेर आलेले. चुलीकडे हात धरून बसलेलं.

खऱ्या खोलीत आपांच्या शेजारची गादी रिकामी होती.

''एर्मेक,'' जिपार म्हणाली. ओळखल्यावर म्हणतात तसं, अगदी साधं. तिनं बोट पुढं केलं आणि पडद्यावर त्याच्या मानेला लावलं. तिला भीती वाटत नव्हती. त्या क्षणी तिला काहीच वाटत नव्हतं, फक्त ती बघत होती.

मला मात्र एक हिशेब सुटेना.

एर्मेक चुलीजवळ बसलाय. आपा समोर. आम्ही दोघी मेजाशी.

मग दारातून बघतंय कोण?

चित्राच्या खालच्या कडेला काहीतरी आलं होतं. मघाशी ते नव्हतं. गडद, केसाळ, ओलं. मला वाटलं पडद्यावर डाग पडला. मी अंगठ्यानं पुसलं. गेलं नाही.

कोटाची कॉलर होती. कोणी मान खाली घालून बघावं तशी, हनुवटीखालची.

चित्र हललं.

पाठमोऱ्या बायका मोठ्या झाल्या. मग आणखी मोठ्या.

माझ्या स्वेटरची वीण दिसू लागली. मानेवर सुटलेली माझ्या केसांची बट दिसली.

ती बट हलली.

मी टॉर्च विझवली आणि लॅपटॉप मिटला.

खोलीत अंधार, चुलीची धग, आणि आपांचा आवाज. ''एवढ्यात चाललास? बरं. जपून जा रे.'' मग जराशा वेगळ्या, परक्याशी बोलावं तशा आवाजात, ''तुम्हीसुद्धा.''

मी खिडकीवरचं पांघरूण ओढलं. ऊन आत आलं. जिपारनं चहा केला आणि तिघी तो प्यायलो.

घरी जाताना पुलावर थांबून मी खूप वेळ नदी बघत होते. तिच्या मधोमध, बर्फाच्या फटीतून, काळं पाणी वाहत होतं. मी कारण शोधत नव्हते.

जूनमध्ये एर्मेकचा भाऊ चार माणसं घेऊन गेला. दुसरा पूल, ओढा, दगड. दगडाच्या सावलीच्या बाजूला थोडा बर्फ उरला होता. त्यात तो होता. एका पायात बूट नव्हता.

अंगणात रिवाजाप्रमाणे तंबू उभा राहिला. पुरुष बाहेर काठ्यांवर टेकून मोठ्यानं रडले, बायका आत सूर धरून बसल्या. मी बाहेर पाणी तापवायच्या समोवारशी बसून चहा ओतत होते. आपा पूर्ण वेळ ताठ बसल्या आणि शेवटी त्यांनी स्वतः विलाप म्हटला, एकही शब्द न चुकता, जणू कधीचा तयार होता.

दफन झाल्यावर त्यांनी जिपारला जवळ ओढलं. मी ऐकण्याइतकी जवळ होते.

''तुझे ते तुकडे मला पहिल्याच दिवशी कळले होते, पोरी. तो मला कधी लागोपाठ दोनदा 'जेवलो' म्हणाला नव्हता.''

''मग बोलला का नाहीत, आपा?''

''तू किती मेहनत घेत होतीस. म्हटलं, करू दे. नाहीतर तू जेवेनाशी झाली असतीस.''

तेव्हा मात्र जिपार रडली. दोन वर्षांचं रडली.

तंबूबाहेर माणसं हलक्या आवाजात एकच गोष्ट बोलत होती. एर्मेकच्या अंगावर कोट नव्हता. मेंढीच्या कातड्याचा जाड कोट, तो हिवाळ्यात कधी काढायचा नाही. डॉक्टर म्हणाले, गोठताना माणसाला उकडल्यासारखं होतं, माणसं कपडे काढून फेकतात. ते खरं आहे, मीही वाचलंय. बूट जरा वरच्या अंगाला सापडला. कोट मात्र त्या माणसांनी ट्रकच्या जागेपासून दगडापर्यंत शोधला, ओढ्यातही शोधला. मिळाला नाही. पोलिसांनी भावाला विचारलं, गाडीत बरोबर कोणी होतं का? भाऊ म्हणाला, नाही. रस्त्यात कोणी हात केला तर एर्मेक थांबायचा, एवढंच.

जिपारनं ते सगळे तुकडे माझ्यासमोर पुसून टाकले. मूळ निरोप ठेवले, कापलेले नाही. लॅपटॉपवर ती आता मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली होती. स्क्रीन नीट चालत होती. कासिम म्हणाला, ''शेवटी कशानं दुरुस्त केलंस?'' मी म्हटलं, ''वेळेनं.''

जुलैत एका दुपारी जिपार दुकानात आली. कंटेनर तापून भट्टी झाला होता, मी दार उघडं टाकून पंख्यापुढं बसले होते. तिच्या हातात लॅपटॉप नव्हता.

''एजे, परत जाते.''

मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तिच्याबरोबर निघाले.

घराचं दार सताड उघडं होतं, उन्हाळ्यात असतं तसं. नमद्याचा पडदा काढून ठेवलेला. आपा चुलीजवळच्या गादीवर, चूल थंड. त्यांनी माझा हात हातात घेतला.

''बुरुल, तू आलीस ते बरं झालं. जिपार घाबरते.''

''कशाला, आपा?''

''तो येतो ना. एर्मेकबरोबर यायचा, पण आत कधी यायचा नाही, उंबऱ्यातच थांबायचा. एर्मेक बोलायचा, हा गप्प. आता एर्मेक पोचला जागेवर, तरी हा येतो. एर्मेकच्या कोटाचा वास येतो बघ, ओल्या लोकरीचा. आधी मी फसले. मग श्वास ऐकला, तो आपल्या पोराचा नाही.''

''काय मागतो?''

''काही मागत नाही. बोलतच नाही. कोण्या आईचं पोर असेल, त्याला कोणी शोधायला गेलं नाही.'' आपांनी हनुवटी दाराकडे वळवली. ''थंडीत उभा असतो बिचारा. म्हणून मी चहा ठेवते.''

मी दाराकडे पाहिलं. उंबऱ्याच्या आत, जमिनीवर, चहाची एक वाटी होती. बाहेर अंगणात ऊन रखरखत होतं, कोंबड्या सावलीत पंख पसरून धापा टाकत होत्या.

''गार झाला असेल,'' मी म्हटलं, काहीतरी म्हणायचं म्हणून. उठून वाटी उचलायला गेले.

वाटी बोटांना चिकटली. दुधाच्या चहावर साय धरावी तसा, काठापासून काठापर्यंत, पातळ बर्फ धरला होता. एका बाजूनं तो ओठांच्या मापाचा फुटलेला होता.